साळूबाईचं मीठ

आष्टीत समुद्र पाहिलेला माणूस एकही नव्हता. समुद्राबद्दल मत नसलेला माणूसही एकही नव्हता. बाजारच्या दिवशी चांदपाशाच्या किराणा दुकानासमोर ही मतं मीठ-मिरचीवर वरकड मिळावीत तशी मिळत. कुणी म्हणे, गोदावरी पुरात असते तशी ती बारा महिने धरून चाला, म्हणजे समुद्र. कुणी म्हणे, त्याला पलीकडचा काठच नाही. त्यावर परतूर टेशनाच्या पुढं कधी न गेलेला एकजण ठासून सांगे, "काठ असतोय. काठाबिगर पाणी थांबंल कशाला?"

अशा गावातून भुजंगरावांचा बद्रीनाथ आरमारात गेला.

गेला तो पोहण्याच्या घमेंडीवर. मळ्यातल्या विहिरीत मोटेच्या चाकावरून तो सूर मारायचा आणि तळाचा गाळ मुठीत घेऊनच वर यायचा. बघणाऱ्यांत कुणी वाहवा केली नाही तर पुन्हा मारायचा. इंग्रजांची जर्मन-जपानशी लढाई चालू होती, जालन्याला भरतीवाले येऊन बसले होते. त्यांनी जमलेल्या पोरांना विचारलं, पोहता कुणाला येतं? बद्रीनं हात वर केला. मग त्याला मुंबईला नेलं, पांढरे कपडे शिवून दिले आणि जहाजाच्या पोटात भट्टीपुढं कोळसा टाकायला उभं केलं. पोहण्याचा आणि ह्या कामाचा मेळ काय, ते भरतीवाल्यांनाच ठाऊक. बद्रीनं घरी 'जहाजावर हाय' एवढंच कळवलं, आणि आष्टीच्या कल्पनेत तो छपरावर उभा राहून जहाज हाकू लागला.

जायच्या आदल्या उन्हाळ्यात त्याचं लग्न झालं होतं. मुलगी तीर्थपुरीच्या रामकिसनची, द्वारका. ती नांदायला आली आणि हा भरतीला गेला. एकदा रजेवर आला, पुन्हा गेला. नवराबायकोचा सगळा सहवास गोळा केला तरी एक खरीप भरला नसता.

त्या रजेत त्यानं गावाला जहाजाच्या पुष्कळ गोष्टी सांगितल्या. गावानं त्यातल्या खोट्या तेवढ्या मान्य केल्या. खरी एकच होती आणि तिला त्याची आई साळूबाईच हसली. तो जेवता जेवता म्हणाला, "माय, समुद्राचं पाणी खारट असतंय. आपण खातो ते मीठ त्यातलंच. काठाला वाफे करतेत, पाणी कोंडतेत, उन्हानं आटलं का खाली मीठ ऱ्हातंय. म्या डोळ्यांनी पाह्यलं मुंबईला."

"अन् गूळ कंच्या समुद्रातून काढतेत रे?" साळूबाई म्हणाली. भुजंगरावसुद्धा हसले, म्हणजे गोष्ट चांगली झाली असली पाहिजे. ते सहसा ह्या खर्चात पडत नसत. बद्री रुसून उठला. पण साळूबाई ऐकलेलं सांडू देणारी बाई नव्हती. हसून झाल्यावर तिनं मिठाचा एक खडा चिमटीत धरला आणि दारातून येणाऱ्या उजेडाकडं करून पाहिला.

पुढच्या पावसाळ्यात तहसिलीतून चपराशी कागद घेऊन आला. कागद उर्दूत होता. गावात उर्दू वाचणारे दोघं: एक पटवारी, तो नेमका गावाला गेला होता, आणि दुसरा चांदपाशा. चांदपाशानं कागद आधी मनात वाचला, डोक्यावरची टोपी काढून गल्ल्यावर ठेवली आणि मग बोलला.

"भुजंगराव, जहाज डुबलंय. तारीख हाय ह्याच्यात. बद्री लापता. शोध केला, मिळाला न्हाई. मेला असं समजावं, म्हणते सरकार."

"समजावं?" साळूबाईनं विचारलं. "म्हंजे त्यायलाबी पक्कं म्हाईत न्हाई."

"अम्मा, सरकार असंच लिहिते."

"कुणी पाह्यलं का त्याला, मेलेला?"

"दर्यात कोण बघणार?"

"मंग झालं तर." साळूबाईनं पदर खोचला. तिथं जमलेल्या सगळ्यांना उद्देशून ती म्हणाली, "इहिरीत माणूस गेलं तर तिसऱ्या दिवशी वर येतं. न्हाई आलं तर गळ टाकून काढतेत. मंग इहीर उपसतेत, जोशीबुवा गोदावरीचं पाणी सोडतो, अन् तव्हा कुठं लोकं त्या इहिरीचं पाणी तोंडाला लावतेत. हे असं काही झालं का? कुणी उपसलं का तिथं? न्हाई ना? मंग माझा बद्री त्यात न्हाई."

ह्या बोलण्यात खोट होती, पण ती दाखवायला समुद्र पाहिलेला माणूस लागला असता. तसा माणूस गावात एकच झाला होता.

तेव्हा सुतक धरलं गेलं नाही. जोशीबुवांनी शास्त्र सांगितलं, की प्रेत न मिळालेल्याची बारा वर्षं वाट पाहतात, मग पळसाच्या पानांचा माणूस करून त्याला अग्नी देतात. साळूबाईनं शास्त्राचा पहिला भाग घेतला आणि दुसरा तिथंच सोडला. भुजंगरावांना कुणी काही विचारलं की ते म्हणत, "बद्रीच्या मायला इचारा," आणि बैलांकडं जात.

राहिली द्वारका. तिच्या कपाळाचं कुंकू तसंच राहिलं. रोज सकाळी साळूबाई स्वतः करंडा पुढं करायची आणि सुनेनं कुंकू लावलेलं बघूनच चूल पेटवायची. संक्रांतीला द्वारकाला ओटीला बोलावणं यायचं, कारण न बोलवावं तर साळूबाई भांडायला येणार. पण ओटी भरणाऱ्या बायका हात जरा लांबवूनच भरायच्या. एखादी लेकुरवाळी मधलं घर विसरल्यासारखी पुढं निघून जायची. तोंडावर कुणी वाईट बोललं नाही. आष्टीच्या बायका त्या बाबतीत फार सभ्य. जे बोलायचं ते विहिरीवर, द्वारकाची घागर भरून ती वळली की. एकजण म्हणायची, सधवा म्हणावं तर नवरा न्हाई. दुसरी म्हणायची, रांडाव म्हणावं तर सासू खाऊन टाकील. तिसरी घागर उचलायची, कारण ह्यापुढं हिशोब जात नसे.

द्वारकाला हे सगळं ऐकू यायचं. ती उलटून बोलत नव्हती. काम मात्र दोन माणसांचं करायची, त्यामुळं साळूबाईला तिच्यात दोष काढायला सण पाहावा लागे.

लढाई संपली. परगावची एकदोन माणसं परत आली. वाटूरचा एक शिपाई ब्रह्मदेशातून आला, तो जहाजात बसून गेला होता आणि जहाजात बसून आला होता. साळूबाई भुजंगरावांना गाडी जुंपायला लावून वाटूरला गेली. त्याची विचारपूस वगैरे केली नाही. ओसरीवर बसल्या बसल्या विचारलं, "लेकरा, समुद्र खोल किती असतोय?"

"मावशी, आमच्या जहाजावर एकजण दोरीला शिसं बांधून खाली सोडायचा, तळ बघायला. काठाजवळ लागायचा. आत गेल्यावर दोरी संपायची, तळ लागायचा न्हाई."

"दोरी केवढी?"

त्यानं हात पसरून सांगायचा प्रयत्न केला, मग सोडून दिला. "लई."

साळूबाईनं त्याच्या आईनं केलेला चहा प्यायला, चांगला झालाय म्हणाली आणि परत आली. घरी आल्यावर द्वारकापुढं करंडा रोजच्यासारखाच धरला गेला. त्यामुळं ह्या वाटूरच्या फेरीतून काय निघालं, ते कुणाला कळलं नाही.

मग चैत्रात रामकिसन लेकीकडं आला. तो सहज आला असं म्हणाला, तेव्हाच भुजंगराव बैलांकडं गेले. रामकिसन मोठा धीराचा माणूस, आधी पीकपाणी झालं, मग रझाकारांच्या कवायतीवर हळू आवाजात बोलणं झालं, मग जेवण झालं, आणि पानाला चुना लावता लावता तो म्हणाला, "इहीनबाई, तीर्थपुरीत एक धर्मराज म्हणून हाय. बायको बाळंतपणात गेली, लेकरूबी गेलं. दोन बैलांची शेती, माणूस सरळ. त्याच्या घरचे द्वारकासाठी इचारून राह्यले. आपल्यात पाट लागतोय, त्यात लपवायचं काय न्हाई. पण अखाजीपर्यंत काय ते सांगा म्हणतेत. पुढं त्यायनी दुसरी पाह्यली हाय, आंबडगावची."

"पाट रांडावेचा लागतोय, पाव्हणं," साळूबाई म्हणाली. "माझी सून सवाशीण हाय."

"इहीनबाई, मी बाप हाय तिचा."

"अन् मी काय त्याची शेजारीण हाय?"

रामकिसननं पान तोंडात घातलं. दाराच्या आड द्वारका उभी होती. तिला धर्मराज माहीत होता. माहेरी असताना त्याला बाजारात दोनचारदा पाहिलं होतं, बैल घेताना बैलाच्या दातांपेक्षा त्याच्या डोळ्यांकडं बघत होता. एवढ्यावर माणसाची परीक्षा होत नाही, हे तिला कळत होतं. पण वीस-एकवीसच्या वयात तिच्यापुढं दुसरं जे होतं, त्याची परीक्षा ती रोज देतच होती. अखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आत सुटली तर सुटली; नाहीतर बारा वर्षं पुरी होईपर्यंत रोज सकाळी करंडा, आणि त्यानंतर तिला कोण विचारणार?

रामकिसन पारावर गेला. तिथं गावचे पाटील काकासाहेब होते. काकासाहेबांचा न्याय असा, की दोन्ही बाजू नाराज झाल्याशिवाय तो पुरा झाला असं त्यांना वाटत नसे. त्यांनी जोशीबुवांना बोलावलं. जोशीबुवा बारा वर्षांवर अडले. काकासाहेब म्हणाले, सरकारनं मेला म्हणून लिहिलंय, बारा वर्षं काय सरकारनं सांगितली? जोशीबुवा म्हणाले, सरकार मुसलमानी आणि लढाई इंग्रजांची, त्यांच्या कागदानं शास्त्र कसं हलेल? बराच वेळ हे चाललं. अखेर असं ठरलं, की बद्री गेला असं घरच्यांनी आपण होऊन मानलं तर पळसाचा माणूस आताही करता येईल. जोशीबुवांच्या पोथीत त्याला आधार निघाला.

"भुजंगराव, तुमचं काय म्हणणं?"

"बद्रीच्या मायच्या तोंडून आल्याबिगर मी पळसाला हात लावणार न्हाई," भुजंगराव म्हणाले. इतकं लांब वाक्य त्यांनी पारावर पूर्वी उच्चारल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

तेव्हा सगळं एका बाईच्या तोंडाशी येऊन थांबलं, आणि ते तोंड आष्टीतलं सगळ्यात मजबूत होतं.

रामकिसन परत जाताना लेकीला म्हणाला, "मी अखाजीच्या आदल्या दिवशी गाडी घेऊन येतो. तव्हर बघ."

"काय बघू, आबा?"

रामकिसननं कासरा उचलला. गाडी हलली.

नंतरच्या बाजारी साळूबाईचा गुडघा दुखत होता, म्हणून दुकानाला द्वारका गेली. हळद, जिरं, खोबरं झालं. चांदपाशानं विचारलं, "अन् लाहोरी नमक? अम्मांचं संपलं असंल की."

"ते काय असतंय, चाचा?"

"अरे, ते गुलाबी दगडाचं. तुम्ही शेंदेलोण म्हणता ते. तुमच्या घरी रोज तेच जाते ना. मी जालन्याहून खास तुमच्यासाठी मागवून राह्यलो. गावात उपासाला चिमूटभर नेतेत, तुम्ही पायली नेता. मी अम्मांना बोललो, खर्चा कामून वाढवता? तर म्हणल्या, तू इक, मी खाते."

द्वारकाला घरचं मीठ बदललेलं माहीत होतं. कुटून ठेवायचं काम तिचंच. विचारल्यावर सासूनं सांगितलं होतं, बद्रीसाठी व्रत धरलंय. व्रत म्हटल्यावर पुढं विचारायचं नसतं.

"केव्हापासून नेतेत?" तिनं विचारलं.

"वाटूरला जाऊन आल्या ना, तव्हापासून. पहिल्या दिवशी तर मला चांगलंच धरलं. हे कुठलं? म्हणलं, पंजाबकडचं, पहाडातून खणून काढतेत. पहाडातून? बिलकुल? समुद्राचं पाणी लागलेलं न्हाई ना? मी म्हणलं, अम्मा, पहाडावर समुद्र कशाला चढंल? तर म्हणल्या, कसम खा. आता मिठासाठी कसम खाणारा मी पहिलाच बनिया." चांदपाशा हसला आणि पुडी बांधू लागला. "अन् घरातलं जुनं मीठ होतं अर्धा रांजण, ते काय केलं, अल्ला जाने. मी म्हणलं, मला परत द्या, तर म्हणल्या, तुझ्या गिऱ्हाइकांनी काय पाप केलं?"

त्याचं हसणं चालूच होतं. द्वारका मात्र पुडी हातात घेऊन तशीच उभी राहिली. व्रत करणारी बाई मीठ सोडते. मीठ कुठून आलं हे तपासत बसत नाही. ज्या विहिरीत माणूस गेलं आणि जी उपसली नाही, त्या विहिरीचं पाणी तेवढं लोक सोडतात, आणि दुसऱ्या विहिरीचं आणून पितात. साळूबाईनं तेच केलं होतं. विहीर जरा मोठी होती, इतकंच.

"चाचा, हे आणखी कुणाला सांगितलं?"

"मी? गिऱ्हाइकाचं मी कुणाला सांगत न्हाई."

"आता मला सांगितलं की."

"तू गिऱ्हाईकच हायेस ना, बेटी."

वाटेत पार लागत होता. काकासाहेब तिथं बसलेले होते. त्यांना हे एवढं सांगितलं असतं तर त्याच संध्याकाळी साळूबाईला पारावर बोलावून मिठाचा जाब विचारला गेला असता, आणि गावाला वर्षभर पुरेल एवढं बोलणं मिळालं असतं. द्वारकानं पदर पुढं ओढला आणि पाराला वळसा घालून घरी आली.

साळूबाई अंगणात पाय पसरून गुडघ्याला तेल चोळत होती. द्वारकानं सामान आत ठेवलं, येऊन तिच्या हातातली वाटी घेतली आणि चोळायला बसली.

"आत्याबाई, ह्या मिठाचं व्रत कव्हा फिटायचं?"

"तो आला की."

"व्रताला मीठच सोडतेत. तुम्ही नुसतं समुद्राचं सोडलं."

साळूबाईनं पाय ओढून घेतला. "चांदपाशाची जीभ लई लांब झाली."

"त्यानं काय वाईट सांगितलं न्हाई. त्याला कळलंबी न्हाई, काय सांगून राह्यला ते."

"अन् तुला कळलं. लई शानी."

"इहीर उपसल्याबिगर पाणी पीत नसतेत, हे मलाबी ठावं हाय."

"मंग जा, उपस. लाव मोट, जुंप बैल. बघू किती दिवसांत तळ लागतो." साळूबाईचा आवाज चढला आणि लगेच उतरला; शेजारी भिंत बुटकी होती. "घाई झाली तुला. धर्मराजाची."

"हाव. झाली," द्वारका म्हणाली.

ह्या उत्तराची साळूबाईला सवय नव्हती. सुना अशा वेळी रडतात, न्हाई म्हणतात, पाया पडतात. त्या प्रत्येकावर तिच्याजवळ उत्तर तयार होतं.

द्वारका तिचा पाय पुन्हा जवळ ओढून चोळायला लागली. "मी चोरून कुठं जाऊन राह्यले? तुमच्या तोंडावर सांगते. तुमच्या मिठात तो गेला, अन् माझ्या कपाळावर तो हाय. दोन्ही कसं, आत्याबाई? एक काय ते करा. तो हाय म्हणत असाल तर आजपासून चांदपाशाचं साधं मीठ आणते, त्याचीच भाकरी खा, मी बारा वरसं बसते. पुन्हा इचारणार न्हाई."

अंगणात कोंबड्या फिरत होत्या. साळूबाई त्यांच्याकडं बघत राहिली. एक कोंबडी दाणे सोडून तिच्या पायाजवळ आली, तिला तिनं हाकललंही नाही.

"मला वाटलं," साळूबाई म्हणाली, "एकीनं सोडलं तर एकीनं धरलेलं पाह्यजे. दोघींनी सोडलं का मंग त्याला कोण?"

"मंग धरणारी मीच कामून?"

"माझ्या हातात कुठं बळ राह्यलं. तू जवान हायेस."

द्वारकाचे हात थांबले. मग तिनं तेलाची वाटी उचलली, गुडघ्याला फडकं गुंडाळलं आणि आत गेली. त्या संध्याकाळी भाकरीबरोबर काय वाढायचं, ते तिनं सासूला विचारलं नाही, शेंदेलोणच वाढलं.

दुसऱ्या दिवशी करंडा पुढं आला नाही. फळीवर होता तिथंच राहिला. साळूबाई अंगण झाडत होती आणि तिची पाठ दाराकडं होती. द्वारकानं थोडा वेळ वाट पाहिली, मग स्वतःच उठून कुंकू लावलं. अजून काही ठरलं नव्हतं, आणि अर्धवट काम करायची तिला सवय नव्हती.

असे काही दिवस गेले. अखाजी जवळ आली. पारावर मंडळी बसलेली असताना साळूबाई काठी टेकत आली. बायका पारावर चढत नाहीत, ती खालीच उभी राहिली.

"काकासाहेब, पळस तोडायला माणूस पाठवा."

काकासाहेबांना काम पक्कं लागायचं. "म्हंजे वहिनी, बद्री गेला असं तुम्ही मानलं. तसं एकदा तोंडानं म्हणा."

"म्हणायचं ते म्हणले."

"तसं न्हाई, जोशीबुवांना बराबर शब्द लागतेत."

"पळस काय मी जेवणावळीच्या पत्रावळी लावायला मागून राह्यले का?" साळूबाई म्हणाली. "का जोशीबुवांना तेवढंबी कळंना?"

जोशीबुवांनी कळतं असं मान हलवून सांगितलं. काकासाहेब नाराज झाले, म्हणजे न्याय झाला.

अखाजीच्या आदल्या दिवशी सकाळी भुजंगरावांच्या अंगणात पळसाची पानं येऊन पडली. नुकतीच फुटलेली, मऊ, तांबूस हिरवी. रामकिसन गाडी घेऊन ठरल्याप्रमाणं आला होता आणि गाडीच्या जुवाला टेकून उभा होता. जोशीबुवांनी दर्भ अंथरला, डोक्याच्या जागी नारळ ठेवला आणि पोथीत सांगितलेली पानं छातीला, हाताला, पायाला वाटून लावायला सुरुवात केली. माणूस झाला. अंगण मोठं होतं, त्यात तो लहानसा दिसत होता.

साळूबाई ओट्यावर बसून बघत होती. ती म्हणाली, "हे कोण?"

"साळूबाई, विधी हाय हा."

"विधी हाय ते दिसतंय. पण हे कोण? माझा बद्री येवढा न्हवता. हे तर कुणाचं तरी लेकरू दिसून राह्यलं."

"शास्त्रात पानांचा आकडा ठरलेला असतो."

"शास्त्रानं बद्रीला पाह्यलं होतं का?" साळूबाई खाली उतरली. तिनं काठी पानांशेजारी आडवी ठेवली, टाचेपासून मोजल्यासारखं केलं आणि नारळाच्या वर एक जागा दाखवली. "हितपर्यंत. लांब करा."

जोशीबुवांनी काकासाहेबांकडं पाहिलं. काकासाहेबांनी आभाळाकडं पाहिलं. भुजंगराव कुणाकडंच न बघता उठले, कोयता घेतला आणि ओढ्याकडं गेले. परत आले तेव्हा त्यांच्या खांद्यावर पळसाच्या डहाळ्यांचा भारा होता. तो त्यांनी अंगणात टाकला आणि स्वतः पानं खुडायला बसले.

काम पुन्हा पहिल्यापासून निघालं. ऊन डोक्यावरून सरकलं. रामकिसन घडीघडी सूर्याकडं बघत होता. उद्या अखाजी, आज अग्नी दिला नाही तर तीर्थपुरीला निरोप काय देणार? तो पुढं आला.

"इहीनबाई, जरा जल्दी करा. दिवस कलून राह्यला. उंचीचं काय आता, मनात धरायचं असतंय."

साळूबाई काही बोलायच्या आत द्वारका म्हणाली, "आबा, होऊ द्या बराबर."

ती पानं निवडत बसली होती, फाटकी बाजूला आणि धड एकीकडं. रामकिसननं लेकीकडं पाहिलं आणि परत जुवाला जाऊन टेकला.

पाय झाले, कंबर झाली. छातीपाशी आल्यावर साळूबाई अडली. तिनं दोन्ही हात पसरून पाहिले, जवळ घेतले, पुन्हा पसरले. मग सुनेकडं वळली.

"खांद्याचं मला नीट सांगता येईना. लहानपणचेच डोळ्यापुढं येतेत. तू सांग."

सगळ्यांनी द्वारकाकडं पाहिलं. एका खरिपाइतकासुद्धा न भरलेला संसार, त्यालाही वर्षं होऊन गेलेली. ती उठली, पानांच्या माणसापाशी उभी राहिली आणि वरून खाली नीट बघितलं. तिला खरंच आठवत होतं की नाही, ते सांगता येत नाही. तिनं वेळ मात्र घेतला.

"आणखी रुंद होते," ती म्हणाली.

"दोन्हीकडं?" जोशीबुवांनी विचारलं.

"दोन्हीकडं."

भुजंगरावांनी तिच्या हातात पानं दिली, तिनं ती जोशीबुवांकडं दिली, आणि जोशीबुवांनी आकडा न मोजता ती लावली. साळूबाई लांब जाऊन बघून आली आणि तिनं होकाराची मान हलवली. मग चौघांनी तो पानांचा माणूस अग्नी द्यायला अलगद उचलला, आणि रामकिसन लेकीला न्यायची गाडी जुंपायला गेला.